एकोणचाळीस ठिपके

झेरॉक्सच्या मशीनमध्ये मूळ कागद विसरून जाणाऱ्या माणसांची एक वेगळीच जात असते. क्षितिजा नेरुरकर त्या जातीतली नव्हती. ती वालीवच्या कारखान्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांचे आराखडे काढायची. घडी कुठे पडेल, काप कुठे येईल, सगळं मिलिमीटरमध्ये. अशी मुलगी कागद विसरत नाही. पण त्या सोमवारी नायगाव पूर्वेच्या दुकानात तिनं कागद झाकणाखाली ठेवला आणि नेमकी लाइट गेली. दुकानदार म्हणाला, अर्धा तास तरी लागेल. बाहेर भाद्रपदातली रिपरिप चालू होती. क्षितिजानं फाइल पोटाशी धरली, छत्री उघडली आणि ती घरी निघून गेली.

घरी फाइल उघडली तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. कागद नव्हता! आणि पाच वाजता तिला तो कागद लागायचाच लागायचा. ती तशीच ओल्या चपलांनी परत पळाली.

दुकानाच्या ओट्यावर एक तरुण बसला होता. सावळा, शिडशिडीत, शर्टाची एक बाही दुमडलेली आणि दुसरी विसरलेली. मांडीवर कागद, हातात पेन आणि जीभ दातांत धरलेली.

"अहो, तो कागद माझा आहे!"

"तुमचा का?" त्यानं वर पाहिलं आणि तो चक्क खूश झाला. "बरं झालं भेटलात. माझा कागद ठेवायला झाकण उघडलं, तर हा आत. तुमचे ठिपके चुकलेत."

"काय झालंय?"

"चुकलेत हो. इथे पाच, इथे तीन, इथे एकच, तोही कोपऱ्यात. कुठला ठिपका कुठल्या ओळीत, काही पत्ता नाही. म्हणून मी अकरा वाढवले. मग बघा कसं रूप आलं..."

क्षितिजानं कागद हिसकावला. तिच्या आठ चौकोनांवरून एक वेल पसरली होती, मधोमध कमळ आणि दोन बाजूंना दोन पोपट. पोपट भलतेच गोड होते. आणि तिचे ठिपके कुठले, त्याचे कुठले, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"अकरा ठिपके तुम्ही... वाढवलेत?" तिचा आवाज चिरकला.

"सवय आहे. जूचंद्रचा आहे मी," तो म्हणाला, जणू त्यात सगळं आलं. आणि एका अर्थी आलंच होतं. जूचंद्र म्हणजे रांगोळीचं गाव. तिथल्या माणसाला ठिपके दिसले की त्याचा हात राहत नाही. "कौस्तुभ भोईर. नालासोपाऱ्याला शाळेत चित्रकला शिकवतो. रांगोळी नवीनच शिकताय का?"

आता खरं सांगायचं तर काय सांगणार होती ती? ते आठ चौकोन म्हणजे तिच्या दोन मांड्या, दोन दंड, पोटाच्या दोन बाजू आणि कमरेखालच्या दोन बाजू. एकेक ठिपका म्हणजे एकेक इंजेक्शन. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी पाच वाजता. जिथे टोचलं तिथे लालबुंद चकदळ उठायचं, खाली सुपारीएवढी गाठ यायची, आणि तिथेच पुन्हा सुई गेली तर कातडी कायमची खराब व्हायची भीती. म्हणून दवाखान्यातल्या पॉलिन सिस्टरनं तिला पहिल्याच दिवशी ही ठिपक्यांची नोंद शिकवली होती. कुणाच्या हाती लागलं तरी कळू नये म्हणून क्षितिजानं चौकोनांना नावं दिली नव्हती. तिची खबरदारी जरा जास्तच कामी आली म्हणायची.

"हो," ती म्हणाली. "रांगोळी. शिकतेय."

"एकटीनं अशीच शिकत राहिलात तर गावाचं नाव बदनाम होईल," तो हसला. "रविवारी चार वाजता जूचंद्रच्या शाळेत या. हॉलमध्ये आमचा वर्ग असतो."

"बघते," असं तोडून ती निघाली. पण वळताना एकदा तिनं मागे पाहिलंच... तो दुसरी बाही दुमडत होता.

घरी येऊन तिनं दार लावलं आणि बोटांनी आपलंच अंग चाचपलं. डाव्या मांडीवर गाठ दुखली, उजवीवरची जुनी झाली होती, पोटावर डावीकडे अजून लाली होती. कागद बिघडला तरी अंगानं नोंद ठेवलीच होती. मग तिनं पॅरासिटामॉल घेतली, उजवी मांडी निवडली आणि पेनासारखं ते इंजेक्शन टेकवून खटका दाबला.

दोन वर्षं झाली होती याला. मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव आईला, मीराताईंना, अजून धड उच्चारता येत नव्हतं. डॉक्टरबाईंनी सोपं करून सांगितलं होतं: शरीराचं सैन्यच वाट चुकतं आणि आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडत बसतं. इंजेक्शन त्या सैन्याला आवरतं, आजार पुरता घालवत नाही. आणि त्या आवरण्याची किंमत म्हणजे टोचल्यावर तीन तासांनी हमखास येणारी थंडी. आधी दात वाजायचे, मग ताप, मग हाडन् हाड ठणकायचं. बहुतेकांचा हा त्रास काही महिन्यांत ओसरतो म्हणे. क्षितिजाचा ताप मात्र चिवट निघाला. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी ती लाकडासारखी ताठ उठायची. पूर्ण आठवड्यात एक रविवार तेवढा तिचा एकटीचा असायचा.

पहिल्या वर्षी ती वैतागली होती. मावसबहिणीच्या लग्नात ताप नको म्हणून एक इंजेक्शन चुकवलं, मग सहलीसाठी दुसरं, मग कारण नसतानाच सहा-सात. नंतर एके दिवशी डाव्या डोळ्यासमोर धुकं आलं, ते तीन आठवडे हटलं नाही. चुकवल्यामुळेच झालं असं डॉक्टरबाई छातीठोकपणे म्हणाल्या नव्हत्या. पण क्षितिजानं त्या धुक्यात बसून शपथ घेतली होती: पुन्हा एकही नाही चुकवणार. त्याच सुमाराला एक स्थळ आलं होतं, बोलणी पत्रिकेपर्यंत गेली होती. मीराताईंनी आजाराचं सांगितलं आणि त्या दिवसापासून मुलाकडच्यांचा फोन बंद झाला. तेव्हा क्षितिजानं दुसरीही शपथ घेतली: आता कुणात गुंतायचं नाही.

पहिली शपथ तिनं पाळली. दुसरीचं काय झालं ते पुढे दिसेलच.

रविवारी ती गेली. फक्त ते पोपट कसे काढले हे विचारायला, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. हॉलमध्ये पाच-सहा मुली, दोन गृहस्थ आणि खुर्चीत बसलेले शत्रुघ्नकाका, कौस्तुभचे चुलते. गावातल्या निम्म्या रांगोळीवाल्यांचे हात त्यांनी घडवले होते. ते बोलत कमी आणि घसा जास्त खाकरत.

"चिमटीतून रेघ सोडायची," कौस्तुभ शिकवत होता. "दाबायची नाही. सोडायची."

क्षितिजाला ते लगेच जमलं. ज्या हातांना खोक्याच्या घडीत अर्धा मिलिमीटर खपत नाही, त्यांना सरळ रेघेचं काय! तिसऱ्या रविवारी त्यानं एक जुना फोटो पुढे ठेवला. मिठागरातली एक बाई, लाल लुगडं, डोक्यावर मिठाची पाटी. दिवाळीच्या प्रदर्शनात त्याला हीच रांगोळी काढायची होती, पुरुषभर उंचीची. लुगड्याच्या घड्यांसाठी त्यानं लाल रंगाच्या सात छटा मिसळून ओळीनं मांडल्या होत्या.

क्षितिजा वाकली. तिनं उजवा डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला.

कौस्तुभ गोरामोरा झाला. "तुम्ही... मला डोळा मारलात?"

"मी? तुम्हाला? छे!" ती कानापर्यंत तापली. "मी रंग बघतेय. तुमचा हा चौथा आणि पाचवा सारखेच आहेत. घडी दिसणार नाही."

त्यानं पाहिलं, डोळे बारीक करून पाहिलं, लांब जाऊन पाहिलं. "अरेच्चा. हो की. कसं कळलं?"

कसं कळणार? धुकं गेलं तरी त्या डाव्या डोळ्यात लाल रंग परत आलाच नव्हता. खूप वेळा धुतलेल्या कपड्यासारखा विटका दिसायचा. रंगाचा तोरा उतरला की उरतो तो नुसता उजेड आणि अंधार, आणि त्यात दोन छटा सारख्या असल्या की चटकन कळतात.

"माझा डावा डोळा प्रामाणिक आहे," ती म्हणाली.

"आणि उजवा?"

"उजव्याला सगळं आहे त्यापेक्षा छान दिसतं."

"मग माझ्याकडे उजव्यानंच बघत जा," तो पटकन बोलून गेला. आणि मग दोघंही एकदम रंगाच्या वाट्या आवरायला लागले. खुर्चीतून काकांनी घसा खाकरला.

पुढच्या रविवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं, कधी ते दोघांनाही सांगता आलं नसतं. वर्ग संपला की शाळेच्या पायऱ्यांवर चहा व्हायचा. समोर चंडिकेचा डोंगर पावसानं हिरवागार, आणि बोटांच्या पेरांत न निघणारा रंग. त्यानं एकदा तिच्या तळहातावर निळ्या रांगोळीचा एकच ठिपका ठेवला आणि म्हणाला, "हा बरोबर पडलाय." घरी जाईपर्यंत तिनं ती मूठ उघडली नाही.

"शुक्रवारी येतेस? वसईच्या किनाऱ्यावर जाऊ," तो विचारायचा.

"शुक्रवारी नाही जमत."

"का?"

"उपवास असतो."

"सोमवारी?"

"उपवास."

"बरं, बुधवारी?"

"...उपवास."

"एवढं पुण्य करून देवाकडे मागतेस तरी काय गं?"

"रविवार," ती म्हणाली.

तो हसला. तीही हसली. पण या माणसाला फक्त रविवारची क्षितिजा माहीत होती. ताठ उठणारी, दात वाजवणारी, मांडीवर सहा चकदळं घेऊन फिरणारी, ती दुसरी कुणी होती आणि तिला ती दर रविवारी घरी कोंडून यायची.

मग प्रदर्शनाचा दिवस ठरला. उद्घाटन शनिवारी सकाळी. म्हणजे रांगोळी शुक्रवारी.

"किनार तू करायचीस," कौस्तुभनं जाहीर करून टाकलं. "चारी बाजूंनी ठिपक्यांची. तुझ्याइतका नेमका हात माझ्याकडे दुसरा नाही. एक शुक्रवारचा उपवास सोड की... माझ्यासाठी."

माझ्यासाठी. हा शब्द घेऊन ती चार दिवस फिरली. एकच तर इंजेक्शन! एक चुकवलं तर आभाळ कोसळत नाही. पण पहिल्या वर्षीही एकच म्हणून सुरुवात झाली होती. आणि समजा चुकवलं, प्रदर्शन छान झालं, तो आणखी जवळ आला, तर पुढच्या वेळी काय? किती शुक्रवार चुकवून ती रविवारची राहणार होती? सांगितलं तर तो जाईल, जसं ते स्थळ गेलं. नाही सांगितलं तर ती स्वतः जाईल, कणाकणानं.

गुरुवारी ठणकत्या गुडघ्यांनी गॅलरीत उभं राहून तिनं ठरवलं. चुकवणार नाही. आणि पळणारही नाही.

शुक्रवारी अर्धी सुट्टी टाकून ती दुपारी एकला हॉलवर पोचली. खांद्याला बर्फाच्या पिशव्या घातलेला छोटा डबा होता. कौस्तुभनं चेहऱ्यापासून सुरुवात केली होती, तिनं खालच्या कोपऱ्यातून किनार धरली. साडेचारला तिनं डब्यातून इंजेक्शन काढून ओढणीखाली ठेवलं. थंडगार टोचलं की जास्त आग होते. पाचला पाच मिनिटं असताना तिनं गोळी गिळली, हात धुतले आणि कौस्तुभच्या खांद्याला बोट लावलं.

"शेजारच्या वर्गात ये जरा. काम आहे."

तो रंगाच्या हातांनी तसाच आला. तिनं दार लोटलं.

"हात धू आधी, साबणानं. मग ऐक. मधे बोलू नकोस, नाहीतर मला सांगता येणार नाही."

आणि तिनं सांगितलं. उभ्यानं, फळ्याला पाठ टेकवून, एका दमात. आजाराचं नाव, डोळ्यातलं धुकं, सोमवार-बुधवार-शुक्रवार, ताप, गाठी, दर तीन महिन्यांनी यकृत नीट आहे ना ते बघायला रक्ततपासणी. आणि पॉलिन सिस्टरनं शिकवलेले ते आठ चौकोन.

"म्हणजे मी..." त्याचा चेहरा पांढरा पडला. "मी त्या ठिपक्यांवर पोपट काढले?"

"दोन. गोड होते." तिनं कुर्त्याची बाही वर सारली. दंडावर जुन्या लालीचे डाग होते. तिनं ते झाकले नाहीत. "आज उजव्या दंडाची पाळी आहे. मांडीवर टोचलं असतं तर तुला कळलंही नसतं. पण आज दंडाचीच पाळी आहे आणि दंडाला मागून माझा हात नीट पोचत नाही. एरवी आई टोचते."

"मी?"

"चेहरा काढतोस ना केसभर चुकू न देता? हे सोपं आहे. इथे टेकव, सरळ धर, दाब, आणि मी दहा म्हणेपर्यंत हलू नकोस."

रांगोळीची रेघ कधी न हलू देणारा तो हात दंडापासून बोटभर अंतरावर अडला. तिनं आपला डावा हात त्याच्या मनगटावर ठेवला. खटका वाजला. ती मोजत होती, आणि आठावर तिच्या लक्षात आलं की तोही ओठांतल्या ओठांत मोजतोय.

"दहा. काढ."

त्यानं काढलं. मग खुर्ची ओढली, पाणी आणलं, पंखा लावला, बंद केला. "तू घरी जा क्षितिजा. आराम कर. किनार मी बघतो, नाहीतर कुणालातरी..."

इथे ती भडकली. "मला सुट्टी देऊ नकोस! सुट्टी हवी असती तर घरीच बसले असते. ताप यायला तीन तास आहेत आणि किनार दोन बाजूंची राहिलीय. चल."

ती गेली आणि खरंच बसली. ठिपका, ठिपका, ठिपका. सहा वाजले, सात वाजले. मिठागरातल्या बाईच्या डोळ्यांत जीव आला. पावणेआठला क्षितिजाच्या पाठीतून पहिली शिरशिरी गेली. अकरा ठिपके राहिले होते. बोटं हलायला लागली, चिमटीतली रांगोळी सांडली. कौस्तुभ पलीकडून अर्धवट उठला. तिनं नुसतं पाहिलं आणि तो बसला. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, श्वास रोखला आणि एकेक करून अकराही ठेवले.

शत्रुघ्नकाका खुर्चीतून उठून वाकले. "यो हात कोनाचा?"

"माझा, काका," ती दात वाजवत म्हणाली.

"बरा हाय," काका म्हणाले. गावात एवढी शाबासकी दहा वर्षांत कुणाला मिळाली नव्हती. "पन तू कापतंस का गं पोरी? जा, आदी पानी पी, न घरा जा."

रिक्षात कौस्तुभ शेजारी बसला होता. त्याची शाल तिच्या अंगावर होती. पण जूचंद्रपासून तिच्या इमारतीच्या फाटकापर्यंत तो एक शब्द बोलला नाही. "येतो," एवढंच म्हणाला. क्षितिजाला तो रस्ता कधी नव्हे एवढा लांब वाटला.

शनिवारी ती तापात पडून होती. फोन आला नाही. रविवारी प्रदर्शनामुळे वर्ग नव्हता, फोनही नव्हता. सोमवारी तिनं टोचलं, बुधवारी टोचलं. मीराताई दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या.

"रडून घे गं एकदा," त्या म्हणाल्या.

"रडले. दुपारीच," क्षितिजा म्हणाली आणि कापसानं पोट पुसलं. "पण सांगितलं याचं वाईट नाही वाटत, आई. तो गेला तर खऱ्या मला बघून गेला."

शुक्रवारीही टोचलं. आणि पुढच्या रविवारी, बरोबर चारला, बेल वाजली. दारात कौस्तुभ होता. दाढी वाढलेली, काखेत कागदाची गुंडाळी, एक बाही दुमडलेली.

"नऊ दिवस फोन करत होतो," तो उंबऱ्यावरूनच म्हणाला. "म्हणजे हातात घेत होतो, ठेवत होतो. काय बोलणार? लवकर बरी हो? वाचलं मी सगळं, आजार पुरता जात नाही म्हणतात. मग ते वाक्य गेलं. दुसरं सुचेपर्यंत आठवडा गेला. चुकलंच माझं."

"सुचलं का?" ती तुटकपणे म्हणाली. आवाज तुटक राहावा म्हणून तिला बरेच कष्ट पडले.

त्यानं गुंडाळी जेवणाच्या टेबलावर उलगडली. जाड कागद, त्यावर फिकट पोकळ ठिपके, प्रत्येकाखाली बारीक आकडा आणि एक अक्षर. मां म्हणजे मांडी, पो म्हणजे पोट, दं म्हणजे दंड, क म्हणजे कंबर. डावं-उजवं बाणानं दाखवलेलं.

"एकोणचाळीस आहेत. तेरा आठवडे. पॉलिन सिस्टरना भेटून आलो, क्रम त्यांनी तपासून दिलाय. उद्यापासून सुरू. एक टोचलं की एक भरायचा आणि मागच्याला जोडायचा. शेवटी काय होईल ते मी सांगणार नाही. एकही गाळलास तर आकृती तुटेल."

क्षितिजानं कागद आपल्याकडे वळवला. "दया आली का रे माझी?"

"दया आली असती तर सोपी नक्षी दिली असती," तो म्हणाला. "ही मला स्वतःलाच दोनदा चुकली."

आतल्या खोलीत मीराताईंनी चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. क्षितिजानं पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि शेवटी हसली.

तेरा आठवडे. ताप येतच राहिला, जरा कमी झाला असं म्हणायचं आणि पुढच्या वेळी तो पुन्हा भरपूर यायचा. डिसेंबरात डाव्या मांडीवरची गाठ पिकते की काय म्हणून डॉक्टरबाईंकडे धाव घ्यावी लागली. एका बुधवारी तिनं इंजेक्शन भिंतीवर फेकायला उचललं होतं. तेवीस नंबरचा ठिपका पोकळ दिसत होता. तिनं शिवी घातली, खाली बसली आणि टोचलं. कौस्तुभ मंगळवारी, गुरुवारी येऊन बसायचा, तिच्या ताठ पायांशी, शाळेतल्या गमती सांगत. त्यानं शनिवारची क्षितिजाही पाहिली, चिडकी, केस न विंचरलेली. "ही पण आवडते," तो म्हणाला होता. "फक्त हिच्यासमोर जपून बोलावं लागतं."

जानेवारी संपत आला तेव्हा एका शुक्रवारी तिनं एकोणचाळिसावा ठिपका भरला. जोडला. कागद लांब धरला. उजव्या डोळ्यानं पाहिला, मग डाव्यानं.

मग तिनं रिक्षा केली आणि थेट जूचंद्र गाठलं. तो शाळेच्या पायऱ्यांवर वही तपासत बसला होता.

"फसवलंस मला!" तिनं कागद त्याच्यापुढे आपटला. "कमळ अर्धंच आहे. वेल इथे काठापर्यंत जाते आणि संपते. एकही गाळला नाही मी, तरी अर्धवट!"

"अर्धवट नाही. कागद संपला," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं पिशवीतून दुसरी गुंडाळी काढली आणि तिच्या कागदाला काठाला काठ लावून ठेवली. वेल पुढे गेली. कमळ पुरं झालं, आणि त्याच्या पलीकडे नवी वेल निघून पुन्हा काठाला लागली.

"हा पुढच्या तेरा आठवड्यांचा. सिस्टर म्हणाल्या, त्या दर वेळी तपासून देतील."

"आणि त्याच्यापुढचा?"

"आहे."

"आणि त्याच्यापुढचा?"

"हे बघ, घरी कपाट भरलंय," तो घाईघाईनं म्हणाला. "औषध बदललं तर ठिपके बदलेन. बंद झालं तर नुसती वेल काढेन. पण शेवट असलेली नक्षी मला काढता आली नाही, क्षितिजा. प्रयत्न केला... तुझ्याबरोबरची कुठे थांबवायची तेच कळेना. लग्न करशील माझ्याशी?"

डोंगरावर ऊन उतरत होतं. तिनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ताप यायला सव्वादोन तास होते. आयुष्यातल्या एका होकारासाठी तेवढे पुष्कळ होते.

पण तिनं लगेच हो म्हटलं नाही. नवा कागद उलगडला, पहिल्या ठिपक्याखालचं अक्षर वाचलं, आणि तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"दंड आहे सोमवारी. मुद्दाम ठेवलास?"

"क्रमानंच आलाय. सिस्टरना विचार हवं तर."

"सोमवारी पाचला घरी ये," ती म्हणाली आणि दोन्ही कागद एकत्र गुंडाळले. "हात साबणानं धू. आईला आजच सांगते, दंडाचं काम आता तिच्याकडे नाही म्हणून."

"म्हणजे हो?"

तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि उजवा डोळा मिटला.

"रंग बघतेयस?" त्यानं श्वास रोखून विचारलं.

"नाही," क्षितिजा म्हणाली. "या वेळी डोळा मारला."